गृहकर्ज दुसरीकडे न्यायचे आहे. पण पत कमी आणि घरातला हिस्साही थोडा

दुकानात माल भरताना आमचा व्यापारी बांधव रुपया-आठ आण्यासाठी घासाघीस करतो. सुताचा, चामड्याचा, लाकडाचा भाव चार ठिकाणी विचारल्याशिवाय तो सौदा करीत नाही. पण पंधरा-वीस वर्षे हप्ते भरायचे त्या घराच्या कर्जाचा दर मात्र तो एकदाच ऐकतो, तोही सही करण्याच्या दिवशी, आणि मग मुकाट्याने भरत राहतो. एक-दोन टक्क्यांच्या फरकाने अशा कर्जात किती रक्कम इकडची तिकडे होते, याचा हिशेब फार थोड्या घरांत मांडला जातो. तो हिशेब येथे मांडावा असे आम्ही ठरवले आहे.

चालू कर्ज एका संस्थेकडून उचलून दुसऱ्या, स्वस्त दराच्या संस्थेत नेण्याला बँकेच्या भाषेत ‘बॅलन्स ट्रान्सफर’ किंवा ‘टेकओव्हर’ म्हणतात. नवी बँक जुन्या बँकेची बाकी एकरकमी फेडते, घराची कागदपत्रे आपल्या तारणात घेते आणि पुढचे हप्ते आपण नव्या बँकेला देतो. पगारदार माणसाला हे सोपे जाते. मालेगावचा यंत्रमागवाला, भिवंडीचा शिलाई कारखानदार किंवा मिरजेचा तंतुवाद्ये बनवणारा कारागीर मात्र अर्ज घेऊन गेला की दोन ठिकाणी अडतो. एक म्हणजे पत, आणि दुसरे म्हणजे घरातला त्याचा स्वतःचा हिस्सा.

व्याजी कर्ज घ्यावे की नाही हा प्रश्न आमच्या वाचकांसाठी केवळ हिशेबाचा नाही, हे आम्ही जाणतो. त्यावर निर्णय देणे हे या पानाचे काम नव्हे. बिनव्याजी बँकिंगचा प्रस्ताव पुढे न नेण्याचे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये स्पष्ट केले, त्यामुळे बँकांतून तो मार्ग खुला झाला नाही. हा लेख ज्यांच्या डोक्यावर कर्ज आधीच आहे त्यांच्यासाठी आहे. त्यांचे व्याज कमी व्हावे आणि कर्ज लवकर संपावे, एवढाच त्याचा हेतू.

पाच वर्षे भरले, तरी कर्ज तेवढेच?

समजा, दहा लाखांचे कर्ज वीस वर्षांसाठी १२ टक्के दराने घेतले. हप्ता सुमारे ११,०११ रुपये बसतो. पहिल्या महिन्याचे व्याजच १०,००० रुपये होते. म्हणजे पहिल्या हप्त्यातून मुद्दल फिटते फक्त १,०११ रुपये. पाच वर्षांत आपण ६ लाख ६० हजारांहून थोडे अधिक भरतो आणि तरीही बाकी राहते सुमारे ९ लाख १७ हजार! मुद्दलातून गेले ते जेमतेम साडेब्याऐंशी हजार.

यात बँकेने फसवलेले नसते. हप्ता सारखा ठेवायचा तर सुरुवातीला व्याज जास्त व मुद्दल कमी, आणि शेवटी त्याच्या उलट, असे गणित होतेच. पण त्याचे दोन परिणाम लक्षात ठेवावेत. पहिला, पहिल्या काही वर्षांत घरातला आपला हिस्सा फारच हळू वाढतो. दुसरा, दर कमी करून घेण्याचा खरा फायदाही याच वर्षांत असतो. शेवटच्या तीन-चार वर्षांत कर्ज हलवण्यात फारसा अर्थ उरत नाही, कारण व्याजाचा मोठा भाग तोवर भरून झालेला असतो.

घरातला हिस्सा बँक कसा मोजते?

घराची आजची किंमत वजा कर्जाची बाकी, म्हणजे आपला हिस्सा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यावर ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज देता येते. ही कमाल मर्यादा आहे. पत कमी असेल तर बँक तिच्या बरीच आत थांबते.

येथे आमच्या लोकांची एक जुनी अडचण समोर येते. व्यवहाराचा काही भाग रोखीने ‘वरून’ दिलेला असतो आणि करारनाम्यात किंमत कमी लिहिलेली असते. आपल्या मनातली घराची किंमत आणि कागदावरची किंमत यांत त्यामुळे मोठे अंतर पडते. बँकेचा मूल्यांकनकार स्वतः येऊन घर पाहतो आणि सावधपणे आकडा लावतो. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्चही साधारणपणे त्यात धरत नाहीत.

वरच्याच उदाहरणात घराचे मूल्यांकन ११ लाख झाले असे धरू. बाकी ९ लाख १७ हजार, म्हणजे किमतीच्या सुमारे ८३ टक्के. नवी बँक ८० टक्क्यांवर अडून बसली तर ती देणार ८ लाख ८० हजार. सुमारे साडेसदतीस हजार रुपये कमी पडतात. वीस वर्षांच्या कर्जापुढे ही रक्कम मोठी नाही. हंगामाच्या नफ्यातून, भिशी लागली तर तिच्यातून, किंवा नात्यातल्या कुणाकडून अथवा बिनव्याजी पतसंस्थेकडून ती उभी करता येते आणि जुन्या कर्जात आगाऊ भरून बाकी खाली आणता येते. मात्र त्यासाठी वैयक्तिक कर्ज काढू नये. त्याचा दर गृहकर्जाहून जास्त असतो, आणि नव्या बँकेला तेही कर्ज अहवालात दिसतेच.

घराचे कागद हा हिश्श्याचाच दुसरा भाग समजावा. भोगवटा प्रमाणपत्र नसलेली इमारत, गुंठेवारीतले नियमित न झालेले घर, वारस नोंद न झालेला वडिलोपार्जित वाटा, अशा मिळकतीवर एका संस्थेने कर्ज दिले म्हणून दुसरी देईलच असे नाही. अर्ज करण्यापूर्वी मिळकत पत्रिका किंवा सात-बारा, नोंदणीकृत करारनामा, घरपट्टीची पावती आणि सोसायटीचे पत्र, सर्वांवर नाव एकसारखे आहे का ते पाहावे. ‘शेख’ एका कागदावर आडनावाच्या जागी आणि दुसऱ्यावर नावाआधी असला तरी फाइल महिनाभर अडते. आधार, पॅन आणि करारनामा यांतला फरक प्रतिज्ञापत्राने आधीच मिटवून ठेवावा.

पतगुण कशाने पडतो, कशाने चढतो?

देशात पतमाहिती ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. सिबिलची स्थापना २००० साली झाली, म्हणून लोक सगळ्यांनाच ‘सिबिल’ म्हणतात. तिचा गुण ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो. ७५० च्या पुढे असला की बँका खूश असतात. साडेसहाशेच्या खाली गेला की सरकारी व मोठ्या खासगी बँकांत बोलणे अवघड होते. अनेक बँका या गुणावरच व्याजदरही ठरवतात.

या प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट द्यावा असा नियम २०१७ पासून आहे. तो आधी मागवावा. एजंटाला पैसे देण्याची गरज नाही. आमच्या वाचकांच्या अहवालात बहुधा पुढील गोष्टी निघतात.

पहिली, उशिरा गेलेले हप्ते. अहवालात ३६ महिन्यांचा इतिहास महिन्यागणिक दिसतो. यंत्रमाग बंद होते, भाव पडले होते, असे कारण त्यात लिहिलेले नसते. किती दिवस उशीर झाला एवढेच असते.

दुसरी, जामीन राहिलेले कर्ज. भावाला, मेव्हण्याला, शेजारच्या दुकानदाराला शब्द देऊन आपण सही करतो. ते कर्ज आपल्याही अहवालात नोंदले जाते आणि त्याने हप्ते चुकवले की गुण आपलाही पडतो. सही करून विसरलेली जामीनकी आधी शोधून काढावी.

तिसरी, ‘सेटल्ड’ हा शेरा. जुन्या क्रेडिट कार्डाची किंवा मोबाइल-फ्रिजच्या कर्जाची बाकी तडजोडीने कमी रकमेत मिटवली की खाते ‘बंद’ होत नाही, ‘सेटल्ड’ होते, आणि नवी बँक ते वाचून मागे सरते. उरलेली रक्कम भरून खाते पूर्ण बंद करून घ्यावे, ‘बाकी नाही’ असे पत्र घ्यावे आणि नोंद बदलली का ते तपासावे.

चौथी, सरळ चूक. सारख्या नावामुळे दुसऱ्याचे कर्ज आपल्या नावावर दिसणे, फेडलेले कर्ज चालू दिसणे, असे प्रकार घडतात. तक्रार केल्यावर ३० दिवसांत दुरुस्ती व्हायला हवी. न झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे.

पाचवी, एकाच महिन्यात पाच ठिकाणी केलेले अर्ज. प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात उमटते आणि गरजवंत असल्याचा संशय येतो. आधी तोंडी चौकशी करावी. अर्ज एक-दोन ठिकाणीच करावा.

गुण एका रात्रीत चढत नाही. बारा महिने एकही हप्ता न चुकवणे हेच खरे औषध आहे, कारण कर्ज उचलणारी नवी बँक बहुधा मागच्या बारा महिन्यांचा उताराच प्रथम मागते. क्रेडिट कार्ड असेल तर मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत वापरावे. बँकांनी पतमाहिती दर पंधरवड्याला कळवावी असा नियम जानेवारी २०२५ पासून आला, त्यामुळे सुधारणाही आता पूर्वीपेक्षा लवकर दिसते. ‘पैसे द्या, सिबिल साफ करून देतो’ असे सांगणाऱ्यापासून दूर राहावे. खरी नोंद कोणालाही पुसता येत नाही, आणि खोटी नोंद आपण स्वतः विनामूल्य दुरुस्त करून घेऊ शकतो.

आधी आपल्याच बँकेचे दार

पत कमी आणि हिस्सा थोडा असेल तर पहिला प्रयत्न जुन्या संस्थेतच करावा. तिच्याकडे आपली फाइल आहे, कागदपत्रे आहेत, हप्त्यांचा इतिहास आहे. दर कमी करताना ती बहुधा नव्याने मूल्यांकन करीत नाही आणि मुद्रांक शुल्कही पुन्हा लागत नाही.

बँकांनी ऑक्टोबर २०१९ पासून बदलत्या दराचे नवे गृहकर्ज रेपो दरासारख्या बाह्य मापदंडाला जोडावे असा नियम आहे. त्याआधीचे कर्ज जुन्या पद्धतीतच पडून असेल तर नव्या पद्धतीत बदलून मागावे. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना हा नियम नाही. त्या आपला मूळ दर आपणच ठरवतात. आयकर विवरणपत्र नसलेल्या कारागिराला याच कंपन्या कर्ज देतात आणि त्याची किंमत जास्त दराने वसूल करतात. पण त्यांच्याकडेही नव्या ग्राहकाला कमी व जुन्याला जास्त दर असे चालू असते. थोडे शुल्क घेऊन दर कमी करून देण्याची सोय अनेक कंपन्यांत असते. मागितल्याशिवाय मात्र ती कोणी सांगत नाही. मागणी लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. दुसऱ्या बँकेचा देकार हाती असेल तर बोलणे लवकर पुढे सरकते.

दुसरीकडे जायचे तर

जुन्या संस्थेने ऐकले नाही तर बाहेर पडावे. व्यक्तीच्या नावावरील, बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड घेण्यास बँकांना रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्ये बंदी केली. गृहवित्त कंपन्यांनाही तसाच नियम आहे. स्थिर दराच्या कर्जावर मात्र आकार लागू शकतो. दुकानासाठी घर तारण ठेवून काढलेले कर्ज हे गृहकर्ज नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. त्याचा करार वेगळा वाचावा.

पत सुधारायला वेळ लागणार असेल तर सहअर्जदार घ्यावा. पत्नीचे शिकवणी-शिलाईचे उत्पन्न, मुलाचा पगार अर्जात धरता येतो आणि त्यांचा चांगला गुण उपयोगी पडतो. मात्र सहअर्जदार पूर्ण कर्जाला बांधला जातो, हे त्याला आधी समजावून सांगावे.

उत्पन्नाचा पुरावा ही आमच्याकडची सर्वांत मोठी उणीव. माल रोखीने विकायचा, खर्च रोखीने करायचा आणि बँकेत फक्त हप्त्यापुरते पैसे टाकायचे, अशाने बँकेला आपला धंदा दिसतच नाही. दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे, उद्यम नोंदणी, लागू असल्यास जीएसटीची विवरणपत्रे आणि विक्रीचे पैसे नियमित जमा होणारे खाते एवढे असले तर कमी गुणाच्या माणसाचेही म्हणणे ऐकले जाते. कर वाचवण्यासाठी दाखवलेले कमी उत्पन्न कर्जाच्या वेळी व्याजाच्या रूपाने आपल्यालाच महाग पडते.

कमी झालेला हप्ता म्हणजे बचत नव्हे

आता मूळ हिशेबाकडे येऊ. बाकी ९ लाख १७ हजार, मुदत १५ वर्षे, दर १२ टक्के, हप्ता ११,०११. नव्या बँकेने १० टक्के दर दिला असे धरू. तीन वाटा समोर येतात.

पहिली वाट: मुदत १५ वर्षेच ठेवली. हप्ता सुमारे ९,८५९ होतो. महिन्याला १,१५२ रुपये वाचतात आणि पूर्ण मुदतीत सुमारे २ लाख ७ हजार.

दुसरी वाट: बँकेचा माणूस म्हणतो, ‘मुदत परत वीस वर्षे करू, हप्ता अजून उतरेल.’ हप्ता ८,८५४ पर्यंत खाली येतो खरा. पण २४० हप्त्यांचे होतात सुमारे २१ लाख २५ हजार, आणि जुन्याच कर्जाचे उरलेले १८० हप्ते होते १९ लाख ८२ हजार. दर दोन टक्क्यांनी उतरूनही आपण सुमारे १ लाख ४३ हजार जास्त भरतो!

तिसरी वाट: दर १० टक्के, पण हप्ता जुनाच, ११,०११. कर्ज १८० ऐवजी १४३ महिन्यांत फिटते. तीन वर्षांहून अधिक काळ आधी घर मोकळे होते आणि सुमारे ४ लाख वाचतात.

हप्ता झेपतच नसेल तर दुसरी वाट नाइलाजाने घ्यावी. पण बचत झाली असे समजू नये. झेपत असेल तर तिसरीच धरावी.

यातून खर्च वजा करावा. प्रक्रिया शुल्क, त्यावर १८ टक्के जीएसटी, वकिलाचा व मूल्यांकनाचा खर्च, कागदपत्रे तारण ठेवण्यावरचे मुद्रांक शुल्क आणि दुय्यम निबंधकाकडे द्यायची सूचना, हे सर्व पुन्हा लागते. हा खर्च २५,००० आला असे धरल्यास पहिल्या वाटेत तो भरून निघायला सुमारे २२ महिने लागतील. ऑक्टोबर २०२४ पासून नव्या कर्जाबरोबर ‘मुख्य तथ्यपत्रक’ देणे बंधनकारक आहे. त्यात सर्व शुल्क धरून वार्षिक दर किती पडतो ते छापलेले असते. दोन बँकांची तुलना त्याच आकड्यावरून करावी, जाहिरातीतल्या दरावरून नव्हे.

आणखी दोन सापळे सांगतो. कर्ज हलवताना ‘टॉप-अप’ म्हणून जादा रक्कम देऊ केली जाते. हंगामाचा माल भरायला ती बरी वाटते; पण मालाचे कर्ज हंगामात फिटले पाहिजे, पंधरा वर्षे घराच्या छपरावर बसता कामा नये. दुसरा सापळा एकरकमी विम्याचा. त्याचा हप्ता कर्जातच मिळवला जातो आणि त्यावरही व्याज चढते. विमा हवा असेल तर आपण निवडून वेगळा घ्यावा.

जुने खाते बंद झाल्याचे पत्र हाती येईपर्यंत जुना हप्ता थांबवू नये. एक हप्ता मध्येच लटकला की कमावलेला गुण पुन्हा घसरतो. पूर्ण फेड झाल्यावर मूळ कागदपत्रे ३० दिवसांत सोडावीत, उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी, असा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. सरसाई या केंद्रीय नोंदवहीतला जुन्या बँकेचा बोजा उतरला का तेही पाहावे. दाद मिळाली नाही तर ३० दिवसांनंतर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

हप्ते थकलेच असतील तर

थकीत खाते दुसरी बँक सहसा घेत नाही. तेव्हा कर्ज हलवण्याच्या मागे न लागता जुन्या बँकेशी बोलावे, तेही ९० दिवस उलटण्यापूर्वी. ९० दिवसांनी खाते अनुत्पादक ठरते आणि २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येऊ शकते. ती नोटीस घरात ठेवून देऊ नये. लेखी उत्तर द्यावे. मुदत वाढवून मागणे, काही रक्कम भरून खाते नियमित करणे, शेवटी स्वतः गिऱ्हाईक शोधून घर विकणे, यांपैकी काहीही लिलावापेक्षा बरे.

आणि या घाईत सावकाराच्या दारात जाऊ नये. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यानुसार परवान्याशिवाय सावकारी करता येत नाही. तरीही ‘नुसता कागद’ म्हणून घराचे खरेदीखत लिहून घेणारे आहेत. बँकेकडे घर तारण असते; खरेदीखतावर सही केली की ते कागदोपत्री दुसऱ्याचे होते.

या आठवड्यात आमच्या वाचकांनी दोन कामे करावीत. बँकेतून कर्जाचा उतारा आणावा आणि पतअहवाल मागवावा. दोन्ही कागद शेजारी ठेवून वहीत चार आकडे लिहावेत: बाकी किती, दर किती, मुदत किती, गुण किती. आपल्याच बँकेशी बोलायचे, दुसरीकडे जायचे, की वर्षभर हप्ते सांभाळून गुण वाढवायचा, हे त्या चार आकड्यांवरून घरच्या घरी ठरवता येईल.